तत्त्वज्ञान विभाग बंद करू नये : महाविद्यालय विकास समितीस खुले पत्र

माननीय अध्यक्ष, सचिव आणि महाविद्यालय विकास समितीचे सर्व सन्माननीय सदस्य यांस,

सविनय नमस्कार.

पुढील शैक्षणिक वर्षापासून कला शाखेतील तत्त्वज्ञान हा विषय बंद करण्याचा ठराव समितीने संमत केला असून त्याची प्रत सूचनाफलकावर लागली आहे. याच महाविद्यालयात मी २९ वर्षे हा विषय शिकवला आणि चार वर्षांपूर्वी सेवानिवृत्त झाले. माझी जागा तेव्हापासून रिक्त आहे. बाईंना आपल्या विषयाचे ममत्व असणारच, असे आपल्या मनात येईल आणि ते खरेही आहे. पण ते ममत्व वजा करूनही ठरावातली कारणे टिकतात का, हे आपण पुन्हा एकदा तपासावे, अशी माझी विनंती आहे.

ठरावात दोन कारणे दिली आहेत. विद्यार्थिसंख्या घटल्यामुळे पुरेसा कार्यभार उरलेला नाही, हे पहिले; आणि हा विषय रोजगाराभिमुख नाही, हे दुसरे.

पहिल्या कारणात जो दोष आहे त्याला आपल्या जुन्या तर्कशास्त्रात अन्योन्याश्रय म्हणतात, म्हणजे दोन गोष्टींनी एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहणे. विद्यार्थी नाहीत म्हणून शिक्षक नाही, आणि शिक्षक नाही म्हणून विद्यार्थी नाहीत. अशा वेळी आधी काय घडले एवढे विचारले की गाठ सुटते. मी निवृत्त झाले त्या वर्षी तीन वर्गांत मिळून एकेचाळीस विद्यार्थी होते. त्यानंतरच्या जूनमध्ये जागा रिकामी राहिली आणि तासिका तत्त्वावरील शिक्षकाची नेमणूक झाली ती दिवाळीच्या तोंडावर. तोवर प्रवेश संपले होते. पुढल्या वर्षी प्रवेशाच्या खिडकीवरच मुलांना सांगितले गेले की या विषयाला कायम शिक्षक नाही, दुसरा विषय घ्या. मुलांनी ते ऐकले. आज त्याच घटलेल्या संख्येला मागणीचा अभाव म्हटले जात आहे. रिक्त पद भरण्यासाठी शासनाची ना हरकत लागते आणि ती सहज मिळत नाही, याची मला जाणीव आहे. पण त्यासाठी प्रस्ताव तर जायला हवा, आणि या चार वर्षांत तो एकदाही गेलेला नाही.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे, कारण ते पालकांच्या मनातलेही आहे. ज्या घरातून मुलगा किंवा मुलगी पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोहोचते, त्या घराने ‘यातून पुढे काय?’ हे विचारणे अगदी रास्त आहे. त्या प्रश्नाला मी कधीही तुच्छ मानले नाही. त्याचे एक उत्तर सरळ आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत २०१३ पासून नीतिशास्त्राची २५० गुणांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे, आणि तत्त्वज्ञान हा तिथे वैकल्पिक विषय म्हणूनही घेता येतो. आपल्या तालुक्यातली मुले शेतीच्या उत्पन्नातून पैसे काढून पुण्याला खोली घेतात, क्लास लावतात आणि तिथे जे शिकतात त्यातला बराचसा भाग आपल्या महाविद्यालयात जवळजवळ फुकट शिकवला जात होता. पण स्पर्धा परीक्षेच्या आधारावर मला या विषयाची बाजू मांडायची नाही. उद्या ती प्रश्नपत्रिका रद्द झाली तर विषयाचे मोल कमी होणार नाही. ते मोल कशात आहे, हे वर्गातला एक तास सांगितल्याशिवाय मला सांगता येणार नाही.

अनुमान शिकवताना न्यायदर्शन या आपल्या प्राचीन तर्कपरंपरेतले जुने उदाहरण मी दर वर्षी घेत असे. डोंगरावर अग्नी आहे, कारण तिथे धूर दिसतो. जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात. एवढे झाले की मी उलट विचारत असे, ‘जिथे जिथे अग्नी तिथे तिथे धूर, हे चालेल का?’ बहुतेक मुले हो म्हणत. एका वर्षी मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. गावापासून दूर वस्तीवर राहणारी, सकाळी घरातला स्वयंपाक आटोपून पहिल्या एस.टी.ने येणारी. ती म्हणाली, “नाही मॅडम. निखाऱ्याला कुठं धूर असतो? लाकूड ओलं असलं की धूर होतो.” दहाव्या शतकातल्या उदयनाचार्यांपासून चौदाव्या शतकातल्या गंगेशांपर्यंत नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, ‘उपाधी’ म्हणून ज्या गोष्टीचा बारकाईने विचार केला, ती नेमकी हीच आहे. अग्नी आणि धूर यांचा संबंध सरसकट नाही, तो ओल्या इंधनाच्या अटीवर अवलंबून आहे. ग्रंथांत तापलेल्या लोखंडी गोळ्याचा दाखला दिला जातो. तिने चुलीतला निखारा दिला. तो अधिक चांगला होता, असे मला आजही वाटते.

त्या दिवसापासून ‘ओलं लाकूड’ हा त्या वर्गाचा परवलीचा शब्द झाला. पुढच्या आठवड्यात तीच मुलगी वर्तमानपत्रातली एका खासगी शिकवणीची जाहिरात कापून घेऊन आली. ‘आमच्याकडे आले ते यशस्वी झाले’ असे त्यावर ठळक छापले होते, आणि खाली बारीक अक्षरांत प्रवेशासाठी किमान ८५ टक्क्यांची अट होती. “मॅडम, यात ओलं लाकूड आहे,” एवढेच ती म्हणाली. बियाण्याची जाहिरात असो, बाबा-बुवांचा गुण येणे असो की निवडणुकीतला दावा असो, ‘हे झाले म्हणून ते झाले’ असे कोणी सांगितले की मध्ये दडलेली तिसरी गोष्ट शोधायची, ही सवय तिला लागली. ती सवय कोणत्याही पदव्युत्तर प्रवेशासाठी गुण म्हणून मोजली जात नाही. पण कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी तो कागद नीट वाचणाऱ्या माणसाची सवय हीच असते.

आणि म्हणूनच मला समितीच्या दुसऱ्या कारणातही ओले लाकूड दिसते. तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झालेल्यांना नोकऱ्या मिळत नाहीत, हे खरे. पण आपल्याच महाविद्यालयातून इतर विषय घेऊन बाहेर पडलेल्या कला शाखेच्या मुलांनाही त्या मिळत नाहीत. मग बेकारीचे कारण हा विषय कसा? तालुक्यात काम नाही, हे त्याचे कारण आहे.

हल्ली मुलांच्या हाती मोबाईल आहे आणि कोणत्याही प्रश्नाचे उत्तर त्यावर क्षणात येते. आता तर सफाईदार भाषेत लिहून देणारी यंत्रेही आली आहेत. उत्तर मिळणे सोपे झाल्यामुळे उत्तर पारखणे अवघड झाले आहे. कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवावा, हा प्रश्न आपल्या परंपरेने फार पूर्वी विचारला. ‘आप्ताचा उपदेश म्हणजे शब्दप्रमाण’ असे न्यायदर्शनाचा मूळ ग्रंथ असलेले न्यायसूत्र सांगते, आणि त्यावर भाष्य करताना वात्स्यायन म्हणतो की आप्ताचे हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे. ज्याला ती गोष्ट प्रत्यक्ष माहीत आहे आणि जशी माहीत आहे तशीच जो सांगू इच्छितो, तो आप्त. त्याचे कूळ, त्याचा वेश, त्याचे अनुयायी किती, यांपैकी काहीही तिथे विचारलेले नाही. हे वाक्य वर्गात फळ्यावर लिहिले की काही क्षण कोणी बोलत नसे. नंतर मुले आपापल्या गटात आलेले संदेश काढून बघत आणि विचारत, ‘हे सांगणाऱ्याला स्वतःला माहीत होतं का?’

माझ्या वर्गात वादविवादाचा एक नियम होता. आपली बाजू मांडण्याआधी समोरच्याचे म्हणणे असे मांडायचे की त्यालाही ते मान्य व्हावे. पूर्वपक्ष मांडण्याची ही रीत आपल्या सर्व दर्शनांनी पाळली आहे. सत्य शोधण्यासाठी केलेली चर्चा तो वाद, केवळ जिंकण्यासाठी केलेली तो जल्प, आणि स्वतःचा पक्षच न मांडता दुसऱ्याचे खोडत राहणे ती वितंडा, असे तीन प्रकार न्यायसूत्रांत सांगितले आहेत. मराठीत ‘वितंडवाद’ हा शब्द घरोघरी उरला. त्यातल्या ‘वादा’चा मूळ अर्थ मात्र आपण भांडणापाशी आणून ठेवला. दुष्काळाच्या एका वर्षी मी न्यायाची संकल्पना शिकवत होते आणि टँकरचे पाणी घरटी वाटावे की माणशी, असा प्रश्न वर्गात निघाला. ज्यांची कुटुंबे मोठी ते माणशी म्हणत होते, ज्यांची लहान ते घरटी. मी बाजू बदलायला लावल्या. तासाअखेरीस एका मुलाने विचारले, “मॅडम, ज्यांच्याकडे जनावरं आहेत त्यांचं काय, आणि जनावरं नाहीत कारण जमीनच नाही त्यांचं काय?” समान वाटप आणि न्याय्य वाटप यांतला फरक त्या प्रश्नाने सर्वांना जेवढा समजला, तेवढा तो माझ्या टिपणांतून समजला नसता. त्या मुलांपैकी दोघे आज ग्रामपंचायतीचे सदस्य आहेत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात होते आणि तिथे जॉन ड्यूई हे तत्त्वज्ञ त्यांचे शिक्षक होते. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले आणि प्रत्यक्षात न होऊ शकलेले त्यांचे १९३६ सालचे भाषण आपण सारे जाणतो. त्यात त्यांनी ड्यूई यांचे ऋण स्पष्ट शब्दांत मान्य केले आहे. त्याच भाषणात नियम आणि तत्त्व यांत त्यांनी केलेला भेद मी दर वर्षी दोन तास घेऊन शिकवत असे. नियम हा ठरलेल्या रीतीने वागायला सांगतो. तत्त्व हे गोष्टी पारखण्याचे साधन असते. नियम पाळणाऱ्यावर विचाराची जबाबदारी येत नाही, तत्त्वाने वागणाऱ्यावर ती येते. धर्म नियमांचा असावा की तत्त्वांचा, हा त्यांचा प्रश्न या भेदावर उभा आहे, आणि तो भेद समजला नाही तर त्या भाषणातला संताप तेवढा हाती लागतो, युक्तिवाद निसटतो. पुढे ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बोलताना त्यांनी संवैधानिक नैतिकता ही कल्पना मांडली आणि ती माणसात उपजत नसते, रुजवावी लागते, असे सांगितले. सात दशकांनी, २०१८ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने महत्त्वाच्या निकालांत तिचाच आधार घेतला. आपल्या महाविद्यालयात १४ एप्रिलला दर वर्षी मोठा कार्यक्रम होतो. त्या कार्यक्रमात ज्यांना हार घातला जातो त्यांच्या विचारांची घडण ज्या विषयाच्या वर्गातही झाली, तो विषय जूनमध्ये बंद करू नये, असे मला मनापासून वाटते.

एक गोष्ट थोड्या संकोचाने लिहिते. नीतिशास्त्राच्या तासाला मी अरुणा शानबाग यांचे प्रकरण घेत असे. केईएम रुग्णालयातल्या या परिचारिकेवर १९७३ साली हल्ला झाला आणि त्यानंतर चार दशकांहून अधिक काळ त्या अंथरुणाला खिळून राहिल्या. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना अन्न देणे थांबवावे, ही त्यांच्या वतीने केलेली विनंती फेटाळली. मात्र जीवरक्षक उपचार थांबवण्याला काही अटींवर वाट मोकळी केली, आणि २०१८ मध्ये घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला. मारणे आणि मरू देणे यांत नैतिक फरक आहे का, उपचार सुरूच न करणे आणि सुरू केलेले थांबवणे यांत आहे का, ज्या परिचारिकांनी इतकी वर्षे शुश्रूषा केली त्यांच्या म्हणण्याला किती वजन द्यावे, यावर मुले तावातावाने बोलत. काही वर्षांनी एका विद्यार्थ्याचा रात्री उशिरा फोन आला. त्याचे वडील अतिदक्षता विभागात होते आणि डॉक्टरांनी कुटुंबाला निर्णय विचारला होता. तो म्हणाला, “मॅडम, काय करू ते सांगू नका. फक्त आपण वर्गात जे प्रश्न काढले होते, ते ओळीनं सांगा.” मी सांगितले, तो लिहून घेत होता. त्याने काय ठरवले ते मी विचारले नाही.

तालुक्याच्या गावी हा विषय कशाला, तो शहरांतल्या विद्यापीठांत असू द्या, असेही बैठकीत म्हटले गेल्याचे ऐकले. याबाबत आपल्याच महाराष्ट्राचा इतिहास पाहावा. गिरणीमालक श्रीमंत प्रताप शेठ यांनी १९१६ साली तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची संस्था काढली ती मुंबईत नव्हे, अमळनेरला. बंगालमधले कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्यासारखे थोर विचारवंत तिचे संचालक म्हणून खानदेशात येऊन राहिले. साने गुरुजी शिक्षक होण्यापूर्वी तिथे अभ्यासासाठी आले होते. स्वातंत्र्यानंतर मराठीत तत्त्वचिंतन फुलवले तेही मुख्यतः पदवी वर्गांना शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी. प्रा. मे. पुं. रेगे मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात शिकवत होते. १९८३ साली पुण्यात पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेले तत्त्वज्ञ आणि न्यायशास्त्राचे पारंपरिक पंडित यांची जी भेट झाली, तिच्यामागे रेगे यांचे मोठे श्रम होते. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेलची विधानाविषयीची उपपत्ती संस्कृतात पंडितांपुढे ठेवली गेली आणि त्यांनी तिचा आपल्या शास्त्राच्या भाषेत समाचार घेतला. प्रा. दि. य. देशपांडे यांनी विदर्भातल्या महाविद्यालयात अनेक वर्षे हा विषय शिकवला आणि निवृत्तीनंतर, १९९० साली, नागपुरातून विवेकवादाला वाहिलेले मासिक सुरू केले. प्रा. दे. द. वाडेकर यांच्या संपादनाखाली मराठीत तत्त्वज्ञानाचा तीन खंडांचा महाकोश तयार झाला. तो आपल्या ग्रंथालयात आहे, आणि मुलांच्या हाताळण्याने त्याच्या पहिल्या खंडाची शिवण उसवली आहे.

मुंबई-पुण्याच्या आणि दिल्लीच्या खासगी विद्यापीठांत आज तत्त्वज्ञान शिकवले जाते. तंत्रज्ञानाच्या मोठ्या संस्थांतही मानव्यविद्यांचे विभाग आहेत आणि तिथले अभियंते तर्कशास्त्र व नीतिशास्त्र शिकतात. ज्यांना लाखांचे शुल्क परवडते ते पालक ‘याचा उपयोग काय?’ असे न विचारता ते भरतात. म्हणजे विषय निरुपयोगी असता तर तो सर्वत्र बंद व्हायला हवा होता. तो बंद होत आहे तो फक्त आपल्या मुलांसाठी, मराठीतून शिकणाऱ्या, एस.टी.ने येणाऱ्या, दुसरीकडे जाण्याची ऐपत नसलेल्या मुलांसाठी. त्यांना केवळ कौशल्ये द्यावीत आणि प्रश्न विचारण्याचे शिक्षण इतरांना मिळावे, ही वाटणी आपल्यापैकी कोणालाही मान्य नसेल, याची मला खात्री आहे. ठरावाचा परिणाम मात्र तोच होणार आहे.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी अभ्यासक्रमात ‘भारतीय ज्ञान प्रणाली’ हा घटक आला आहे, आणि इतर शाखांच्या विद्यार्थ्यांना खुले ऐच्छिक विषयही घेता येतात. प्रमाण, अनुमान, जैनांचा अनेकांतवाद (सत्याला अनेक बाजू असतात), बौद्धांचा प्रतीत्यसमुत्पाद (प्रत्येक गोष्ट इतर कारणांवर अवलंबून उपजते) या कल्पना ज्यांनी मुळातून अभ्यासल्या त्यांचा विभाग मोडून तोच घटक कोणाकडून शिकवून घेणार, हा प्रश्न समितीपुढे लवकरच येईल. वाणिज्य आणि विज्ञान शाखेच्या मुलांसाठी तर्कशास्त्र खुला विषय म्हणून ठेवले, तर कार्यभाराची अडचणही बऱ्याच अंशी दूर होईल. या विभागाला प्रयोगशाळा लागत नाही. एक खोली, फळा, पुस्तकांचे कपाट आणि पूर्ण वेळ शिक्षक एवढ्यावर तो चालतो.

तेव्हा ठराव दोन वर्षांसाठी स्थगित ठेवावा, रिक्त पदाचा प्रस्ताव सहसंचालक कार्यालयाकडे पाठवावा, आणि येत्या जूनच्या प्रवेशावेळी हा विषय इतर विषयांच्या बरोबरीने मुलांसमोर ठेवावा, अशी माझी विनंती आहे. पद भरले जाईपर्यंत आठवड्याला आठ तासिका मी विनामानधन घेण्यास तयार आहे. मात्र मी शिकवते म्हणून पदाची गरज नाही, असा त्याचा अर्थ काढला जाऊ नये. तसे होणार असेल तर मी येणार नाही, हेही आताच नम्रपणे नमूद करते.

तृतीय वर्षाच्या वर्गात सध्या सात विद्यार्थी उरले आहेत. त्यांचा तास मंगळवारी आणि गुरुवारी साडेअकरा वाजता खोली क्रमांक चौदामध्ये असतो आणि तासिका तत्त्वावर नेमलेला एक तरुण शिक्षक तो मनापासून घेतो. पुढच्या बैठकीपूर्वी आपल्यापैकी ज्यांना शक्य असेल त्यांनी त्या तासाला जाऊन मागच्या बाकावर बसावे आणि नंतर त्या मुलांशी बोलावे. ठराव करण्यापूर्वी त्यांना कोणी काही विचारले नव्हते.

आपली नम्र,
तत्त्वज्ञान विभागातील एक निवृत्त प्राध्यापिका